डिझाईनच्या खोलीतली लाल पट्टी

कॉम्प्युटर भरत आला की तो निदान सांगतो तरी. निळी पट्टी लाल होते आणि आपल्याला कळतं, आता काहीतरी काढावं लागणार. माणसाच्या डोक्यात किस्से साठत जातात, त्यांना अशी पट्टी नसते. परवा लेकीची मैत्रीण घरी आली होती. लॅपटॉप भरला, आता फोटो कुठे टाकू, म्हणून कुरकुरत होती. मी सहज म्हटलं, आमच्या खोलीत एकदा असंच झालं होतं. मग चहा दोनदा करावा लागला.

आमची खोली म्हणजे सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्याची डिझाईनची खोली. बावीस वर्षं झाली मला तिथे. एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, एक स्टूल. मालक राजय्या, घरी तेलुगू बोलणारे. ते मला 'अम्मा' म्हणतात. बसण्णा आमचे जुने डिझायनर, अक्कलकोटकडचे, घरी कानडी. आम्ही त्यांना नुसतं अण्णा म्हणायचो. ते मला 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. एकाच खोलीत मी एकाची आई आणि एकाची धाकटी बहीण होते. चौथे इरफानभाई. कॉम्प्युटर आजारी पडला की यायचे आणि मला मॅडम म्हणायचे.

*

पट्टी पहिल्यांदा लाल झाली तेव्हा मी रजेवर होते. अण्णांनी एकट्यानं ती अडचण निस्तरली.

मी परत आले तर कॉम्प्युटरचा पडदा लख्ख. सगळीकडे पसरलेली डिझाईनं गायब, कोपऱ्यात एकच फोल्डर. त्याला नाव दिलं होतं 'अडगळ'.

"बघ तंगी, कसं मोकळं मोकळं दिसायलंय की," अण्णा म्हणाले.

दिसत होतं खरं. पण नवी चादर सेव्ह करायला गेले तर कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. इरफानभाईंना बोलावलं. त्यांनी 'अडगळ' उघडली, आत बघितलं, पुन्हा बंद केली.

"अण्णा, घर वहीच है. सामान एक कोने में ढकले, बस."

अण्णांना ते लागलं. पुढचे दोन दिवस ते मला समजावत होते की त्यांच्या घरीही पाहुणे यायच्या आधी असंच करतात आणि आजवर एकाही पाहुण्यानं तक्रार केलेली नाही.

*

मग बाहेरून लावायची हार्ड डिस्क आणायचं ठरलं. इरफानभाई घेऊन आले. तळहातावर मावेल एवढी काळी डबी आणि एक वायर. जुनी डिझाईनं सगळी यात जातील, कॉम्प्युटर मोकळा होईल, असं त्यांनी मालकांना समजावलं.

मालकांचं आयुष्य सूत जोखण्यात गेलेलं. त्यांनी ती डबी हातात घेतली, वरखाली केली आणि सरळ सुताच्या काट्यावर नेऊन ठेवली. आकडा पाटीवर लिहिला. आम्ही दिवसभर बसून आठ वर्षांची डिझाईनं तिच्यात भरली. संध्याकाळी मालकांनी डबी पुन्हा काट्यावर ठेवली.

आकडा तोच.

त्यांनी डबी उचलून पुन्हा एकदा ठेवून पाहिली. मग इरफानभाईंना अगदी शांतपणे विचारलं, "मग आत गेलं काय?"

इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा टोपी नीट करत बाहेर गेले.

*

जुन्या फाईली निवडताना आम्हाला वाघ सापडले.

एके काळी वाघाची चादर खूप चालायची. मधोमध बसलेला वाघ, चारी कडांना पानं. त्या फोल्डरमध्ये एकाच वाघाच्या एकवीस फाईली. काढायच्या म्हणून मी नावं वाचायला लागले. 'वाघ'. 'वाघ डोळे मोठे'. 'वाघ मिशी कमी'. 'वाघ बसका'. आणि शेवटी 'वाघ गरीब'.

हे काय, म्हणून अण्णांना विचारलं.

त्यांनी सांगितलं, करमाळ्याचे एक व्यापारी होते. त्यांनी मोठ्या हौसेनं वाघाच्या चादरी नेल्या आणि पंधरा दिवसांनी तोंड पाडून परत आले. चादर मऊ होती, ऊबदार होती, रंग पक्का होता. पण घराघरातली लहान पोरं ती अंगावर घ्यायला तयार नव्हती. "तुमचा वाघ लई बघतोय ओ," व्यापारी म्हणाले होते. "पोरं पांघरून घेत न्हाईत."

अण्णांनी तीन दिवस त्या वाघावर काम केलं. आधी मिशी कमी केली, मग त्याला जरा खाली बसवला. तरी तो बघतच होता. शेवटी नक्षी ज्या बारीक चौकोनी ठोकळ्यांनी बनते, त्यातले डोळ्यांच्या वरच्या कडेचे चार-चार ठोकळे त्यांनी पुसले आणि वाघाच्या पापण्या खाली आल्या.

"झोप आलेला वाघ केला की," अण्णा म्हणाले. "पोरं पण झोपली."

वीस फाईली डबीत गेल्या. 'वाघ गरीब' आम्ही कॉम्प्युटरवरच ठेवला.

*

डबी ओढून काढायची नसते, आधी कॉम्प्युटरची परवानगी घ्यायची असते, हा नियम इरफानभाईंनी घालून दिला होता. मालक तो देवळाच्या नियमासारखा पाळायचे.

एकदा परवानगी मिळेना. डबी वापरात आहे, असंच कॉम्प्युटर सांगत राहिला. मी सगळं बंद करून पाहिलं. तरी तेच.

मालकांनी मला ते वाक्य मराठीत सांगायला लावलं. मी सांगितलं, कुणीतरी ही वापरतंय म्हणतो. मालकांनी खोलीभर बघितलं. आम्ही तिघंच. मग ते उठले. पॅकिंगच्या बायकांना विचारून आले. गोदामात विचारून आले. शेवटी जिना चढून वर स्वतःच्या घरी गेले आणि बायकोला विचारलं. त्या म्हणाल्या, मी कशाला वापरू, मी तर चटणी वाटतेय. वरचा मिक्सर चालू होता. मालकांनी तो बंद करायला लावला.

ते खाली आले. मी पुन्हा एकदा क्लिक केलं, आणि कॉम्प्युटर म्हणाला, आता काढा.

त्यानंतर कितीतरी वर्षं, डबी काढायच्या आधी मालक जिन्यात उभे राहून वर हाक द्यायचे. वरून मिक्सर बंद झाल्याचं उत्तर आल्याशिवाय आमची वायर निघत नसे. इरफानभाईंनी दोनदा समजवायचा प्रयत्न केला. मालक म्हणाले, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. निघाली का नाही?"

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत. एक माझ्या चुकीचा आहे.

कमळाची चादर आमची सगळ्यात जास्त चालणारी. लग्नसराईत दरवर्षी तिची मोठी मागणी यायची. त्या वर्षी पट्टी पुन्हा लाल झाली होती आणि मी घाईत होते. कमळाचा फोल्डर कॉपी करायच्या ऐवजी कट केला आणि डबीत टाकला. टाकून होतोय न होतोय तोच वीज गेली.

वीज आली तेव्हा कॉम्प्युटरवर कमळ नव्हतं, आणि डबीतलं कमळ उघडत नव्हतं. इरफानभाईंनी दिवसभर खटपट केली आणि शेवटी चष्मा काढून ठेवला. गोदामात कमळाची एकही चादर शिल्लक नव्हती, आणि नमुन्याची कुणाकडे गेली तेही आठवेना. मागणी आठवड्यावर आलेली.

मी मालकांपुढे जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी फक्त कॅलेंडरवर मागणीची तारीख बघितली, त्याचाच जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा घरून ग्राफच्या कागदाची गुंडाळी आणि रंगीत पेन्सिलींचा डबा घेऊन आले. कॉम्प्युटर आल्यापासून तो डबा कुणी पाहिला नव्हता. ते खिडकीपाशी बसले, डोळे मिटले आणि कानडीत मोजायला लागले. ओंदु, यरडु, मूरु. थांबायचे, कागदावर तेवढे ठोकळे रंगवायचे, पुन्हा डोळे मिटायचे. मी शेजारी बसून ते कॉम्प्युटरवर उतरवत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी कमळ पूर्ण झालं. मागणी वेळेवर गेली.

पुढे महिन्याभरानं मालकांच्या घरीच एका ट्रंकेत जुनी कमळाची चादर निघाली. मी ती नव्या चादरीशेजारी अंथरली आणि एकेक फूल ताडून पाहिलं. सगळं तंतोतंत. फक्त उजव्या कोपऱ्यातल्या कमळाची एक पाकळी वेगळी होती. मी भीत भीत अण्णांना दाखवली.

अण्णांनी जुन्या पाकळीवर बोट ठेवलं. "ही चूक होती माझी, तंगी. अकरा वर्षं डोळ्यात सलायली होती. चादर चालत होती म्हणून हात लावायचं धाडस न्हाई झालं."

मग चादरीची घडी घालत म्हणाले, "बरं झालं तुझ्या हातून गेलं ते."

*

अण्णा काम सोडून गावी गेले तेव्हा मी त्यांची सगळी डिझाईनं एका पेन ड्राईव्हवर भरून दिली. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, हे माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

वर्षाभरानं त्यांच्या गावी गेले. ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणी असं जेवण झालं. पेन ड्राईव्हचं मीच विचारलं. अण्णांनी बायकोकडे बघितलं. काकूंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला. कपाटाची किल्ली, धान्याच्या कोठीची किल्ली आणि मधे तो पेन ड्राईव्ह.

मी म्हटलं, काकू, हा पाण्यात भिजला तर खराब होईल.

"म्हणून तर आंघोळीला जाताना देवापाशी काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं माणूस सकाळी जाऊन अंधार पडल्यावर घरी यायचं. कुटं होतं, काय करत होतं, ते सगळं ह्यात हाय म्हणतात."

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला.

आमच्या खोलीमागे कारखान्याची शेड आहे. तिथे आठ यंत्रमाग होते. मालकांच्या मुलानं चिंचोळी एमआयडीसीत नवा कारखाना काढला आणि माग तिकडे हलवले. शेड रिकामी झाली. डिझाईनचं काम मात्र इथेच राहिलं. मालक आता ऐंशीच्या घरात आहेत. कारखान्यावर त्यांचं काही काम उरलेलं नाही. तरी रोज दहा वाजता खाली येतात आणि अण्णांच्या खुर्चीत बसतात. ऐकू कमी येतं, त्यामुळे आम्ही फार बोलत नाही.

पट्टी परत लाल झाली होती. मी मोठ्या फाईली शोधत होते. एक अनोळखी फाईल निघाली, चार तासांची, नाव नुसतं 'आवाज'. चालू केली तर खडखडाट. काहीतरी बिघडलेलं रेकॉर्डिंग समजून मी ती काढून टाकणार होते. मग थांबले आणि अण्णांना फोन लावला.

अण्णा म्हणाले, माग हलवायच्या आदल्या दिवशी ते गावाहून मालकांना भेटायला आले होते. तेव्हा त्यांनी मोबाईल शेडच्या खिडकीत ठेवला होता. नंतर इरफानभाईंकडून ते कॉम्प्युटरवर टाकून घेतलं आणि आम्हाला सांगायचं राहून गेलं.

मी मालकांना विचारलं, ऐकायचं का. त्यांना नीट कळलं नसावं. मी स्पीकर त्यांच्याजवळ सरकवले आणि आवाज मोठा केला.

आठही माग एकदम सुरू झाले. खोलीतला काचेचा ग्लास थरथरायला लागला. मालकांनी खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवले आणि डोळे मिटले. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा झाली असतील. मी माझं काम करत होते.

एकदम त्यांनी डोळे उघडले.

"अम्मा, चार नंबरचा धागा तुटला."

मी कान दिला. धागा तुटला की माग थांबतो, आणि खडखडाटातून एक ठोका खरंच कमी झाला होता. मी काही बोलायच्या आत मालक उठले. काठी खुर्चीलाच टेकून राहिली. भिंतीला धरत ते मागच्या दारापर्यंत गेले, कडी काढली आणि रिकाम्या शेडमध्ये शिरले.

मी फाईल थांबवली नाही. सात माग चालू होते. थोड्या वेळानं आठवा त्यांच्यात मिसळला.

मालक हात पुसत परत आले आणि खुर्चीत बसले.