तपासणीच्या दिवशीचं प्रेशर

नवी मार्गदर्शक सूचना आली की मी आधी शेवटचं पान वाचते. पहिल्या पानावर रुग्णाचं हित असतं. शेवटच्या पानावर अहवाल कोणी, कोणाकडे आणि किती तारखेपर्यंत पाठवायचा ते असतं. सूचना नेमकी कशासाठी निघाली हे मला तिथे कळतं, निदान कळल्यासारखं वाटतं. घरचे याला संशयी स्वभाव म्हणतात. मी बिबवेवाडीत महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. इतकी वर्षं या खुर्चीत बसून कोणाचा स्वभाव भाबडा राहिला असेल, तर त्यांनी मला जरूर येऊन भेटावं.

ब्लडप्रेशरची नवी पद्धत आली तेव्हा स्वारगेटजवळच्या एका सभागृहात आमचं प्रशिक्षण झालं. कागदावर सगळं सोपं होतं. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. मग प्रेशर मोजा. आकडा मर्यादेच्या वर असेल तर गोळ्या रोज घेता का, असं विचारा. हो म्हणाला तर ‘बघू पुढच्या वेळी’ करत बसू नका, लगेच पुढची पायरी चढा. पायऱ्या छापूनच दिल्या होत्या: आधी एक गोळी, मग जोडीला दुसरी, मग डोस दुप्पट, मग तिसरी. शिवाय आता रुग्णाला एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या होत्या, म्हणजे त्याचे हेलपाटे वाचतील. शिकवायला आलेले तरुण डॉक्टर म्हणाले, “आपण औषध वाढवायला घाबरतो. प्रॉब्लेम तिथे आहे.”

मला वाटलं, प्रॉब्लेम गोदामात असणार. कुठेतरी गोळ्यांचा साठा पडून असेल, मुदत संपत आली असेल, म्हणून आता सगळ्यांनी पायऱ्या चढा. दवाखान्यात परतल्यावर मी औषधाच्या खोलीत जाऊन खोकी उलटीपालटी करून तारखा पाहिल्या. सगळ्यांना भरपूर मुदत होती. याचं समाधान वाटायला हवं होतं, पण मी जरा हिरमुसलेच.

एक काका आमच्याकडे येऊ लागले ते याच सुमारास. सत्तरी ओलांडलेले, ताठ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खडकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, तेही तपासणी विभागातून. म्हणजे समोर आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. एरवी मला ते आवडले असते, पण एकमेकांना पारखायला बसलेल्या दोन माणसांत आवडण्याबिवडण्याला जागा नसते.

त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, उजवी बाजू पक्षाघाताने गेली होती. मुलगी लग्न होऊन नागपूरला. सकाळी काकूंना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणं, न्हाणीघरात नेणं, गॅलरीत कोवळ्या उन्हात बसवणं आणि पुन्हा आणून झोपवणं, हे सगळं काका एकटे करत.

“मदतीला बाई ठेवा की,” मी म्हटलं.

“ठेवली होती. तिला सगळं जमायचं, फक्त यायला जमायचं नाही.” मग म्हणाले, “मी उभा आहे तोवर चाललंय, डॉक्टर. मी पडलो की दोघंही आडवे.”

ते वाक्य ते सहज बोलले, पण माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या दिवशी त्यांचं प्रेशर चांगलंच वर होतं. मी पहिली गोळी सुरू केली आणि हे प्रेशर खाली आणायचंच, असं मनाशी ठरवलं.

पुढच्या तपासणीला आले तेव्हा आकडा तसाच. “गोळ्या रोज घेता?” “घेतो.” मी दुसरी गोळी जोडली. त्यानंतरच्या खेपेला पुन्हा तेच. मी डोस दुप्पट केला. दर वेळी पाच मिनिटं ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसत आणि मी त्यांच्याकडे बघत बसे. एकदा कागदावरची नवी गोळी बघून ते म्हणाले, “एक विचारू? रागावू नका. पूर्वी सरकारी दवाखान्यात औषध मागूनही मिळायचं नाही. आता न मागता वाढवून मिळतंय. यात कोणाचा काही फायदा असतो का?”

“तुमचा असावा अशी अपेक्षा आहे,” मी म्हटलं.

“तसं असेल तर आनंदच आहे,” असं म्हणून त्यांनी कागदाची घडी खिशात घातली. तोंडावर आनंद बिलकुल नव्हता.

मला राग आला, कारण हाच संशय मी ती खोकी तपासताना घेतला होता. आणि मला त्यांचाही संशय येत होता. इतक्या गोळ्यांनी हललं नाही असं प्रेशर मी क्वचितच पाहिलं आहे. माणूस गोळ्या घेत नसला की आकडा असा दगडासारखा बसून राहतो. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन या. ते घेऊन आले, नीट रबर लावून. पाकिटं रिकामी होती, शेवटच्यात तेवढ्या थोड्या गोळ्या शिल्लक होत्या.

“या राहिल्या कशा? मधूनमधून चुकतात वाटतं.”

“चुकत नाहीत,” काका म्हणाले. आवाजात असा काही कडकपणा होता की पुढे विचारायची सोय उरली नाही. मी मनात म्हटलं, पाकीट रिकामं करायला गोळी गिळावी लागत नाही. बेसिनमध्येही टाकता येते. मी तिसरी गोळी लिहिली.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, “मॅडम, ते खडकीवाले काका परवा दुधाच्या दुकानासमोर भिंत धरून उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, चपलेत खडा गेलाय. चपलेकडे बघतही नव्हते.” सिस्टर त्यांच्याच गल्लीत राहतात.

हे काही जुळेना. इथे बसला की प्रेशर छताला, आणि रस्त्यात भिंत धरून उभा. प्रेशर फार उतरलेला माणूस असा उभा राहतो, चढलेला नाही. माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. काका आणखी कोणा खासगी डॉक्टरकडे जात असतील आणि दोन्हीकडच्या गोळ्या खात असतील. किंवा आपल्या गोळ्या काकूंना देत असतील आणि काकूंच्या आपण घेत असतील. नवराबायकोत असली वाटणी मी पाहिलेली आहे. काहीतरी लपवत होते एवढं नक्की.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन बघा, अशीही एक सूचना आमच्याकडे आलेली होती. ती एरवी राहून जायची. त्या दिवशी ती मला फार सोयीची वाटली. दुपारी ओपीडी संपल्यावर मी प्रेशरचं मशीन पर्समध्ये टाकलं आणि न कळवता त्यांच्या घरी गेले. कळवून गेलं की लोक घर आवरून ठेवतात.

दार उघडायला बराच वेळ लागला. आत काहीतरी लपवाछपवी चालली असावी असं मला वाटलं. मग दार उघडलं आणि समोर काका, एक हात चौकटीवर, दुसरा भिंतीवर. चेहरा पांढरा पडलेला. दारापर्यंत ते भिंतीच्या आधाराने आले होते, म्हणून वेळ लागला होता. मला एकदम भीती वाटली.

“काकूंना बघायला आले,” मी म्हटलं.

“या,” ते म्हणाले. “दुपारची वेळ निवडलीत.”

काकू खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. बोलणं संथ, शब्द जरा अडकत, पण डोळे स्वच्छ. त्यांना तपासल्यासारखं करून मी काकांना म्हटलं, आलेच आहे तर तुमचंही बघते. त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाच मिनिटं थांबले. सूचनेचं पालन इतक्या निष्ठेने मी दवाखान्यातही करत नाही. मग मोजलं. वरचा आकडा शंभराच्या खाली.

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दंडावर मोजलं. तेच. त्यांना उभं करून मोजलं, तर आकडा आणखी घसरला आणि त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मशीन बिघडलं असेल म्हणून मी पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. माझं भरपूर जास्त आलं, म्हणजे मशीन ठीक होतं.

“काका, आज गोळ्या घेतल्यात?”

“घेतल्यात की,” ते म्हणाले. “आज कुठे तपासणी आहे?”

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी मग मला, मीच जरा मंद असल्यासारखं, सावकाश समजावून सांगितलं. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस ते सगळ्या गोळ्या बंद ठेवत. अंगातलं औषध उतरू देत आणि मग येत. काकूंची थायरॉइडची तपासणी असते तेव्हा लॅबवाले बजावून सांगतात, सकाळची गोळी न घेता या, रक्त दिल्यावर घ्या. साखर तपासायची तर उपाशीपोटी या. मग प्रेशरला वेगळा नियम कसा असेल?

“आणि गोळी घेऊन प्रेशर दाखवायचं म्हणजे रंग मारून माल तपासणीला ठेवायचा. आमच्या खात्यात हे कोणी केलं असतं तर मी त्याचा माल दारातून परत पाठवला असता. तुम्हाला माझं खरं प्रेशर कळायला हवं ना?”

“मी दर वेळी विचारत होते, गोळ्या रोज घेता का.”

“रोज घेतोच. तपासणीचे दिवस रोजात कसे धरायचे?”

म्हणजे त्यांनी मला एकदाही फसवलं नव्हतं. उलट मला फसवायचं नाही म्हणून गोळ्या बंद ठेवत होते. मी त्यांचं बिनऔषधाचं प्रेशर बघून गोळ्या वाढवत होते, आणि घरी गेल्यावर त्या सगळ्या गोळ्या ते कारखान्याच्या शिस्तीत घेत होते. चक्कर येत होती ती प्रेशर जास्त आहे म्हणूनच, अशी त्यांची खात्री होती. चक्कर मला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर मी काकूंना उचलू नका म्हणाले असते. ते बरोबर ओळखलं होतं त्यांनी. मला त्यांचा राग आला, सूचना लिहिणाऱ्यांचा आला, आणि ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटता येतं असा प्रश्न विचारत राहिले म्हणून माझाही आला.

तेवढ्यात पलंगावरून काकू बोलल्या. “सकाळी उचलतात तेव्हा यांचे हात थरथरतात. एकदा मला घेऊन कपाटावर आदळले.”

काका वळले. “तू कधी बोलली नाहीस.”

“म्हणून तर मी गॅलरीत नको म्हणते.”

“तू म्हणालीस ऊन लागतं.”

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मला नंतर कळलं की बरेच दिवस काकू गॅलरीत गेलेल्या नव्हत्या. बायकोचं मन आता कशातच लागत नाही, असं समजून काका आतून खचले होते. दोघांनीही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि मी त्यांच्या घरात चोरी पकडायला आले होते. मला तिथे फार अवघडल्यासारखं झालं.

मी तिसरी गोळी त्याच मिनिटाला बंद केली, डोस खाली आणला आणि पुढचे काही दिवस सिस्टरना घरी जाऊन प्रेशर बघायला सांगितलं. तोवर उचलायच्या कामाला सिस्टरनी गल्लीतली एक बाई मिळवून दिली. ही बाई वेळेवर येते. याचं काकांना अजून आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत रांगेत बसलेल्यांना मी विचारलं, आज प्रेशर दाखवायचं म्हणून सकाळची गोळी कोणी घेतली नाही? एक हात वर आला, मग दुसरा, मग त्यांच्याकडे बघून आणखी काही. एक आजी म्हणाल्या, “उपाशीपोटी यायचं असतं ना? चहासुद्धा घेतला नाही मी.” मी वरिष्ठांना कळवलं. नोंद घेतली आहे असं उत्तर आलं, म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. सिस्टरनी तोवर दारावर पाटी लावली होती: ‘प्रेशर दाखवायला येताना रोजची गोळी घेऊनच यावे. आम्हाला आपले नव्हे, औषधाचे काम तपासायचे आहे.’

काका पुढच्या तपासणीला आले तेव्हा पाटी दोनदा वाचून आत आले. खुर्ची हलवून पाहिली, बसले आणि दंड पुढे केला.

“घेतली आहे,” ते म्हणाले. “विश्वास नसेल तर घरी फोन करून विचारा.”

कोणी दुसरं असतं तर हसून सोडून दिलं असतं. मी फोन लावला. काका समोर बसून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. पलीकडून काकूंनी उचलायला वेळ लावला.

“काकू, आज यांनी गोळी घेतली का?”

“घेतली. मी बघितली,” काकू म्हणाल्या. मागे कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला, भाजीवाल्याची आरोळी आली. आज आवाज इतके जवळून कसे येतायत, असं मी विचारणारच होते.

“मी गॅलरीतून बोलतेय,” त्या म्हणाल्या.