गाळ बसेपर्यंत

"अर्धा तास गप बसा की, मॅडम. गाळ बसल्याबिगर पाणी खरं बोलत न्हाय."

असं म्हणत ते टाकीतल्या तपकिरी पाण्यानं काचेचा उभा जार भरायचे, कठड्यावर ठेवायचे आणि शेजारी उकिडवे बसायचे. सोलापूरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ते ठेकेदाराकडचे ऑपरेटर होते, मी प्रयोगशाळेत. सगळे त्यांना काका म्हणत. अशा केंद्रावरून तुम्ही कधी गेला असाल, तर नाकाला रुमाल लावूनच गेला असाल. काका तिथेच जेवणाचा डबा उघडत.

टाकीत हवा सोडली की त्यातले जिवाणू घाण खातात. काका त्यांना जित्राबं म्हणत. लाईट गेली, हवा थांबली, की ते कासावीस होत. "माजी जित्राबं गुदमरत्यात आन् तुमी चहा पिताय व्हय?"

गाळ ओंजळीत घेऊन हुंगायची त्यांना सवय होती. "बगा, नांगरल्या रानाचा वास. जित्राबं खूश हायती." पहिल्यांदा त्यांनी ओंजळ पुढे केली तेव्हा मी मागे सरले.

"एमेस्सीला नाक लागत न्हाय वाटतं," ते म्हणाले.

पुढे मलाही तो वास ओळखता येऊ लागला.

तपासणीचा नमुना मात्र रोज सकाळी दहालाच घेतला जाई. बाटली भरायची, तपासायची, अहवालावर सही करायची. दहालाच का, हे मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी शहरात कुणीतरी रंगाचं पाणी गटारात सोडलं. टाकीवर जांभळट फेस चढला. काकांनी जार भरला. अर्धा तास झाला, तास झाला, गाळ बसेना. त्यांनी जार नाकाशी नेला.

"मेली सगळी," ते म्हणाले. "मॅडम, हे नाल्यानं नदीला चाललंय. खाली म्हसरं पाणी पित्यात. दुपारचं लिवा."

"नमुना दहाचा असतो, काका. वहीत दुपारचा रकानाच नाही."

हे मी म्हणाले. तेही अगदी शांतपणे.

काका मोपेडवर बसले आणि नाल्याकाठच्या वस्त्यांवर गेले. म्हसरं पाण्यावर नेऊ नका, शेतीच्या मोटारी बंद ठेवा, असं दारोदार सांगून ते संध्याकाळी परतले.

काम सोडून जाऊन अफवा पसरवली, म्हणून ठेकेदारानं त्यांना काढून टाकलं. पुरावा म्हणून माझा अहवाल पुढे ठेवला. त्या तारखेचं पाणी त्यात निर्दोष होतं. "सही तुमचीच ना?" मला विचारलं. मी हो म्हटलं; नमुना सकाळी दहाचा होता, हे सांगितलं नाही. काका समोरच उभे होते, टोपी हातात घेऊन. जाताना त्यांनी तो जार धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवला.

"जपून वापरा. काच पातळ हाय."

या उन्हाळ्यात ते गेले. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. काकूंनी मला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, काम सांगितल्यावर ओळखलं. "तुमी लॅबच्या मॅडम व्हय? तुमचं नाक लई तयार हाय म्हणायचे." मला चहा घेता आला नाही.

आता मी वहीत पट्टीनं एक रकाना आखला आहे. वर लिहिलं आहे, 'दुपार'. तीन वाजता जार भरते आणि कठड्याशी बसते. त्या रकान्याबद्दल वरचे अजून काही बोललेले नाहीत. वही कुणी वाचत नसावं.

काल अर्ध्या तासानंतरही गाळ बसला नाही. मी तसं लिहिलं, सही केली. मान वर केली तर पलीकडे नाल्याच्या काठानं म्हशी पाण्याकडे निघालेल्या. मी उठले. स्कूटीची किल्ली पर्समध्ये लवकर सापडेना.