सुरेखाबाईंचा नियम

माधवनगरच्या वाचनालयात पुस्तकं देता-घेता सुरेखाबाईंचे केस पिकले. नवरा भूपाल गेला तेव्हा एकुलती लेक ब्राह्मी पाळण्यात होती. तेव्हापासून जुन्या कादंबऱ्यांचाच काय तो आधार. त्यातही आवड एकाच तऱ्हेच्या नायिकेची, घरासाठी, लेकरांसाठी मन मारणारी. शेवटचं पान आलं की बाई डोळे टिपायच्या आणि तेच पुस्तक कौतुकानं दुसरीच्या हातात ठेवायच्या. दुसऱ्याचा त्याग वाचायला आपलं काय जातंय!

हे त्यांना तोंडावर सांगणारा एकच वाचक निघाला. कुंडलचे लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, विधुर. "आवं बाई, तिनं मन मारलं तवा आपुन रडलो, डोळं पुसलं, च्या प्यालो. तिला काय मिळालं?" बाई रागावल्या, भांडल्या. भांडता भांडता जीव जडला आणि लालासाहेबांनी सरळ लग्नाचंच विचारलं.

बाई हो म्हणायच्या आत धाकट्या दिराला, भरतेशला, कुणकुण लागली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "वैनी, आपण जैन, ते मराठे," तो थंडपणे म्हणाला. "ब्राह्मीची सोयरीक मोडंल. उद्या मंदिरात मुनिमहाराजांपुढं नारळ ठेवा, आजन्म ब्रह्मचर्याचा नियम घ्या. विषय संपला."

त्यांच्या घरात कुणी बटाटा सोडायचा नियम घेतला, तर मरेपर्यंत बटाट्याला शिवत नसे. हा नियम एकदा घेतला की परतीची वाट नाही, हे भरतेशलाही पक्कं ठाऊक होतं. लोक आवळा देऊन कोहळा काढतात. हा गृहस्थ नारळ देऊन वहिनीचा जन्म काढून घ्यायला निघाला होता.

सकाळी मंडप गच्च भरला. पुढच्या रांगेत ब्राह्मीची होणारी सासू, शेजारी ब्राह्मी. नियमाचं भरतेशनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पण लालासाहेबांचं पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. भरतेशनं खुणावलं तशा बाई उठल्या. सगळे कौतुकाच्या नजरेनं बघत होते, डोळे टिपायला तयारच बसलेले. आजवर वाचलेल्या सगळ्या नायिकांची बाईंना एकाएकी चीड आली.

"नमोस्तु महाराज." त्यांनी नारळ ठेवला.

"कोणता नियम घेणार?"

"खोटं न बोलण्याचा."

भरतेशची मान ताडकन वर झाली.

"फार अवघड नियम आहे," महाराज म्हणाले. "पाळाल?"

"पाळीन."

महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

"वैनी, खाली बसा," भरतेश दातओठ खात पुटपुटला. "काय ते घरी बोलू."

"घरी कशाला, भावजी?" बाईंचा आवाज कापत होता, पण मंडपभर ऐकू गेला. "मला कुंडलच्या लालासाहेबांशी लग्न करायचंय."

होणारी व्याहीण पदर सावरत उठली आणि मागं न बघता चालू लागली. ब्राह्मीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, हे आधी मला का नाही सांगितलंस?"

एखादी बरी थाप बाईंच्या ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली.

"तू नको म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या, "आणि मी ऐकलं असतं."