बारक्या बेडकाचा घास

परवा औरंगपुऱ्यात शोभेच्या माशांच्या दुकानासमोर वाळवलेल्या अळ्यांचा वास आला आणि वडील आठवले. लकव्यानं त्यांचा उजवा हात अधू झाला होता. व्यायाम सांगितला की ते भिंतीकडं तोंड करत. पलंगासमोर माझ्या मुलीची काचेची टाकी होती, त्यात मासे आणि पाण्यातच राहणारे दोन इवले बेडूक. एका दुपारी ते म्हणाले, "तो बारका बेडूक उपाशी मरायलाय. मासे सगळं आधीच गिळायलेत." खरंच होतं, बेडकाला नीट दिसत नसे, वासानं शोधेपर्यंत खाणं संपे. मी चिमट्यात वाळकी अळी धरून पुढं केली, तर तो दगडामागं पळाला. "दे इकडं, तुला लई घाई," म्हणत वडिलांनी चिमटा उजव्या हातात घेतला. चिमटा दोनदा पाण्यात पडला. मी धरायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे." तिसऱ्यांदा त्यांच्या थरथरत्या हातातली अळी बेडकाला जिवंत वाटली असावी, त्यानं येऊन ती गिळली. मग ती रोजचीच वेळ झाली, आणि दोनेक महिन्यांत ते शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. आता ते नाहीत. बेडकाला भरवायला लागण्याआधी मदत म्हणून मी त्यांच्या हातातून किती कामं काढून घेतली, ते अजून सलतं.