तळटीपेतली ठमाबाई

कळव्याच्या मिठागरावरचा भिवा छापील कागदाला देव मानायचा. वाण्याची पुडी सोडली की आधी कागद कपाळाला लावायचा, मग गूळ तोंडात टाकायचा. आगरातून शाळेत टिकलेला हा पहिलाच गडी, वय अठरा. तेव्हा एवढं वेड त्याला शोभून दिसे.

त्या वर्षी ठाण्याच्या शाळेत निबंध लागला, 'खाडीकाठचे मीठ'. पहिला येईल त्याला शिष्यवृत्ती. नाहीतर भिवाला चिखल तुडवायला घरी परतणं भाग होतं. त्याने वर्तमानपत्र, पंचांग आणि केसांच्या तेलाची जाहिरात, तिन्हींतून उतारे काढले. ते पाहून शाळेतले रघुमास्तर पोट धरून हसले.

"अरे, छापलं म्हणजे खरं झालं? लिहिणारा कोण, त्याला कुणी सांगितलं, हे ज्यात असेल ते वाच." आणि त्यांनी विद्वानांच्या एका सभेचं त्रैमासिक त्याच्या हाती दिलं.

भिवा हरखला. मिठावर चांगला वीस पानी लेख, पानोपानी तळटीपा! त्यात होतं, 'आगराची जमीन तुडवताना स्त्रिया सासूचे नाव घेतात. त्याने मीठ शुभ्र पडते, अशी प्राचीन श्रद्धा आहे.' खाली बारीक अक्षरात, 'ठमाबाई, कळवे, समक्ष.'

ठमाबाई म्हणजे भिवाची सख्खी आत्या. त्याने घरी जाऊन विचारलं, तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"आलता एक पागोटेवाला. ऐन कामात इचारत बसला, मंग दिला कायतरी सांगून. सासूचा नाव मी शिव्या द्यायला घेत होते रे."

लेख लिहिणारे तेच पागोटेवाले निबंधही तपासणार होते. त्यांचंच उतरवलं तर शिष्यवृत्ती पदरात. खरं लिहिलं तर परीक्षकाच्या पागोट्याला हात. दोन दिवस भिवाला जेवण गोड लागेना. शेवटी त्याने लिहिलंच, 'ही श्रद्धा नसून थट्टा होय.' आणि खाली तळटीप, 'ठमाबाई, कळवे, समक्ष, दुसऱ्यांदा विचारून.'

आठवड्याने पागोटेवाले स्वतः कळव्याला आले, बांधावर बसले, ठमाबाईला तिसऱ्यांदा विचारलं आणि तिच्यापेक्षा मोठ्याने हसले. भिवा पहिला आला.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली. भिवाने ती आत्याला वाचून दाखवली आणि सवयीने कागद उचलला, पण हात मध्येच थांबला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं.

"आता खरा छापलाय," ती म्हणाली. "लाव कपाळाला."