कोलशेत ते ठाकुर्ली: वहिनीच्या परिक्रमेची रंगीत तालीम

मीनावहिनीने नर्मदा परिक्रमेला पायी जायचं ठरवलं, तेव्हा दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती माझ्या थोरल्या भावाची बायको; मी तिला बरंच समजावलं. ती म्हणाली, "सुजा, आधी एक दिवस माझ्याबरोबर चाल. मग बोल."

तर, कोलशेतच्या तिच्या घरून ठाकुर्लीच्या माझ्या घरापर्यंत चालायचं ठरलं. कशेळीचा पूल, काल्हेर, माणकोली, मग खाडीवरचा नवा पूल आणि डोंबिवली. तुम्ही सराव करणार असाल तर सॅक भरलेलीच घ्या, रिकाम्या सॅकने काही कळत नाही. बूट जुने, मोजे जाड. काल्हेरपुढे गोदामं आणि कंटेनर, धुळीसाठी रुमाल हवाच.

निघालो तेव्हा खाडीवर धुरकं होतं. वहिनी पुढे, मी मागे. ती रस्त्याच्या अगदी कडेने न चालता डावीकडे एका माणसापुरती जागा सोडत होती. मध्येच हळू आवाजात म्हणाली, "अहो, इकडून या. खड्डा आहे."

दादाला ती 'अहो' म्हणायची. माणूस गेल्यावर असं होतं, असं मी मनाला सांगितलं.

काल्हेरला मिसळ खाल्ली, झणझणीत होती. वहिनीने चहा तीन सांगितले. तिसरा ग्लास साय धरून तसाच राहिला.

"काकी, हा राहिला," चहावाला म्हणाला.

"राहू दे. त्यांना गरम चालत नाही."

खरंच चालायचा नाही. दादा चहा पार थंड करून प्यायचा.

नव्या पुलावर कठड्याला धरून एकामागून एक चाललो. दोन्हीकडे खाली राखाडी पाणी, पलीकडचं डोंबिवली दिसतच नव्हतं. आमच्या दोघींत चार पावलांचं अंतर. समोरून उलट्या बाजूने एक बाईकवाला आला, वहिनीला ओलांडलं आणि कच्चकन ब्रेक मारला. रिकाम्या जागेकडे बघून ओरडला, "ओ काका, साइड द्या ना!" मग वळसा घालून निघून गेला.

मी कठडा धरून जागीच थांबले. वहिनी वळली, माझ्या मागेपुढे बघून म्हणाली, "चला. सावकाश."

ठाकुर्लीला पोचलो. घरात शिरताना तिने दार जरा जास्त वेळ उघडं धरलं. बूट काढल्यावर मी धीर करून विचारलं, "वहिनी, दादाला परिक्रमेला घेऊन जाणार आहेस?"

"छे गं! मी एकटीच जाणार. लग्नापासून एकटी कुठे गेलेच नाही. ह्यांना फक्त तुझ्या घराचा रस्ता दाखवायचा होता." मग जरा संकोचून, "ठेवशील ना? पंखा चालू असला की त्रास देत नाहीत."

तो माझा भाऊच. हो म्हणाले.

आता वहिनी नर्मदेच्या काठाने चालतेय. तळपायाला फोड आलेत, पण आवाज कधी नव्हता इतका मोकळा आहे. मला परिक्रमा जमेल का, ठाऊक नाही. त्या पुलावरून मात्र मी पुन्हा पायी जाणार नाही.

काल तिचा फोन आला. तिथल्या आश्रमातली खिचडी, माझा गुडघा, सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "ह्यांना दे जरा."

मी फोन स्पीकरवर टाकला, हॉलमध्ये पंख्याखालच्या खुर्चीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. नवरा-बायकोचं बोलणं आपण कशाला ऐकायचं?