मागे घेतलेला हात

प्लेगच्या साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी कल्याण स्टेशनात बायका तपासायचं काम करत असे. मुंबईहून वर येणारी प्रत्येक गाडी कल्याणला थांबवून सगळ्यांना खाली उतरवत. पुरुषांना फलाटावर उघड्यावरच तपासत. बायकांसाठी बांबू ठोकून कनात उभी केली होती. कनातीच्या आत डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या हाताखाली मी. जीभ बघायची, डोळे बघायचे, मग मान, काखा आणि जांघा चाचपायच्या. गाठ लागली की बाई गाडीत परत चढायची नाही. रुळांपलीकडच्या छावणीत जायची. गाठ नसेल तर तिचं बोचकं उकळत्या पाण्याच्या हंड्यात बुचकळून तिला परत द्यायचं आणि पास लिहायचा. तो पास गावच्या पाटलाला दाखवायचा आणि पाटलाने दहा दिवस रोज त्या माणसाला पाहून जायचं, असा हुकूम होता.

मला त्या कामावर घेतलं ते मला लिहिता-वाचता येत होतं म्हणून, आणि त्याहून जास्त मी सोवळी विधवा होते म्हणून. अशी बाई पुढे केली की ब्राह्मणांच्या बायकासुद्धा अंगाला हात लावू देतील, असा तपासणीवरच्या गोऱ्या साहेबाचा अंदाज. अंदाज खरा ठरला, पण माझं सोवळं पहिल्याच दिवशी संपलं. कोळणी, आगरणी, मुसलमानांच्या बायका, महारांच्या बायका, सगळ्यांच्या काखेत माझा हात. मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाईंनी मला पुढच्या दाराने यायला बंदी केली. दिवसभर कोणाकोणाला शिवून येते, म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जास्त पाणी ओतून घेते मी अंगावर, देवाला विचारा हवं तर." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. बरंच झालं.

हे काम मी पोटासाठी धरलं होतं. माझे यजमान कल्याणच्या शाळेत मास्तर होते. साथीच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना ताप भरला, शिपाई आले आणि त्यांना खुर्चीत बसवून छावणीत घेऊन गेले. मागे घर रिकामं केलं, अंथरुणं जाळली, कौलं काढून छप्पर उघडं टाकलं, भिंतींना चुना फासला. मला छावणीच्या तारेच्या कुंपणापर्यंत जाऊ देत. मी रोज कुंपणाशी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी आतल्या शिपायाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. यजमानांचं तोंड शेवटचंही पाहायला मिळालं नाही मला. कोणत्या झोपडीत होते, शेवटी पाणी कोणी दिलं, काही कळलं नाही.

आमची एकच मुलगी, तेव्हा सात वर्षांची. तिला मी वासिंदच्या बाजूला माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, नेऊन ठेवलं. दादा तिथे तलाठी होता. त्याला मूल नव्हतं. वहिनीने माझ्या मुलीला असं कवटाळलं की मला बरंही वाटलं आणि थोडा रागही आला. गावात साथ नव्हती. माझी मुलगी त्या गावात आहे आणि त्या गावाकडे जाणारी प्रत्येक बाई माझ्या हाताखालून जाते, एवढा एकच दिलासा होता मला. दिवसभर तेच मनात घोळवायची.

पहिल्या आठवड्यात बायकांनी मला चांगलंच बनवलं. महिन्याच्या त्या तीन दिवसांत बाई बाजूला बसते, तिला कोणी शिवत नाही. आणि मुलांनी विचारलं की आम्ही सांगतो, तिला कावळा शिवला. मी हात पुढे केला की एखादी आगरीण ओरडायची, "नको शिवू गो बाय, माना कावला शिवलाय!" आणि माझा हात आपोआप मागे यायचा. ज्या हाताने सकाळपासून सगळ्या जातींना चाचपलं, तो त्या एका शब्दाला घाबरायचा. जन्माची सवय ती. डॉक्टरीणबाईंच्या हे लक्षात आलं. त्या ख्रिस्ती होत्या, पण मराठी आमच्यासारखंच बोलत. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, एकाच गाडीत इतक्या जणींना एकदम कावळा कसा शिवेल? पुढच्या खेपेला हात मागे घेतलात तर घरी जा." त्यानंतर मी कोणाचं ऐकलं नाही. कावळा शिवलाय म्हटलं की उलट दुप्पट चाचपायची.

संक्रांतीला दोन दिवसांची रजा मिळाली, तेव्हा दादाकडे गेले. वहिनी नेमकी त्याच दिवशी बाजूला बसली होती, अंगणापलीकडे गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. वाण लुटता आलं नाही म्हणून हळहळत होती. ती त्या खोलीच्या दारात, मी इकडे ओट्यावर, आणि माझी मुलगी मधोमध तुळशीपाशी तिळाचे लाडू खात बसलेली. मामीला कावळा शिवला की तीन दिवस तिकडे जायचं नाही, हे तिला पाठ होतं. अंगण ओलांडून मी वहिनीला स्टेशनातल्या गमती सांगितल्या. बायका कशा कावळ्याचं नाव सांगून सटकतात आणि मी मूर्खासारखा हात कसा मागे घ्यायची, हे सगळं नकला करून सांगितलं. वहिनी डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग नेहमीप्रमाणे छावणीचा विषय निघाला, आणि यजमानांची हकिकत मी परत एकदा सांगितली. वहिनीने ती दहादा तरी ऐकली असेल. त्या दिवशी ऐकून म्हणाली, "वन्सं, मला असं मरण नको बाई."

पुढे दहा-बारा दिवसांनी, दुपारच्या गाडीच्या रांगेत मला वहिनी दिसली.

ती मुंबईला गेल्याचं मला ठाऊकही नव्हतं. पदर डोक्यावरून गच्च ओढलेला, छातीशी बोचकं धरलेलं, डोळे लाल. माझ्यासमोर आली तेव्हा म्हणाली, "आई गेली, वन्सं. तिच्यासाठीच गेले होते." मी काहीतरी बोलले असेन. मग हात पुढे केला. ती अर्धं पाऊल मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "शिवू नका. मला कावळा शिवलाय."

आणि माझा हात मागे आला.

डॉक्टरीणबाई पलीकडे एका चक्कर आलेल्या म्हातारीला सावरत होत्या. मी पास लिहिला. बोचकंही हंड्यात टाकलं नाही. जिला शिवायचं नाही तिच्या बोचक्याला तरी हात कसा लावायचा? "मुलीला सांगा, आई येणार आहे लवकर," एवढं म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

गाडी सुटली तेव्हा मी दिवस मोजले. एका घरात राहिलेल्या बायकांना एकमेकींचे दिवस ठाऊक असतात. संक्रांतीला ती बाजूला बसली होती. संक्रांत होऊन पुरे दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. गावात अजून हळदीकुंकवं चालू होती.

तार मास्तरची खिडकी फलाटावरच होती. पुढच्या स्टेशनावर तार केली असती तर वहिनीला उतरवून घेतलं असतं. मी खिडकीपर्यंत गेले. पण उतरवून आणलं असतं कुठे? परत इथेच, त्याच छावणीत. मी कुंपणाशी उभी, आणि आतून कोणीतरी मान हलवणार. आणि तार केली नाही तर ती संध्याकाळपर्यंत घरी पोचणार, आणि माझी मुलगी धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारणार. तार मास्तरने विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, "काही नाही."

आज म्हातारपणी मी स्वतःला विचारते, तो हात सवयीने मागे आला का? पहिला क्षण सवयीचा होता, हे खरं. पण तो परत पुढे करायला मला कोणी अडवलं नव्हतं. तिचे लाल डोळे मी पाहिले होते. मला बघायचंच नव्हतं. गाठ लागली असती तर तिला छावणीत मीच पाठवलं असतं, माझ्या सहीने.

संध्याकाळची गाडी तपासून झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या नुसत्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीने जा. आणि मुलीला उचलून इकडे आणू नका. तिथेच राहायचं, सगळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी वासिंदला उतरून मी शेतांतून चालत निघाले. चालत कसली, पळतच होते. माझ्या हातांना रोज ज्या गाठी लागत, त्या सगळ्या मला मुलीच्या इवल्या काखेत दिसत होत्या. देवाला म्हणत होते, वहिनीला ने, पण माझ्या मुलीला सोड. असं मी म्हणाले. लपवून काय करू?

मुलगी ओट्यावर बसली होती. मी तिला धरलं आणि तिथेच, गावातले लोक बघत असताना, तिची मान, काखा, जांघा चाचपल्या. ती खिदळायला लागली. "अगं आई, गुदगुल्या होतात!" अंग गार होतं. कुठे काही नव्हतं.

"मामी कुठे आहे?"

"तिकडे, गोठ्याकडे. तिला कावळा शिवलाय. मी अजिबात शिवले नाही हं."

दादा बाहेर आला. म्हणाला, "काल आली ती अंगणातूनच तिकडे गेली. ही धावली तर केवढ्यांदा ओरडली हिच्यावर! ताटसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगते. आईचं दुःख आहे, बसू दे म्हटलं." पुरुषांना दिवस कुठे मोजता येतात? पाटील सकाळी येऊन गेला होता. पण तलाठ्याच्या बायकोला कोण बाहेर बोलावणार? फाटकातूनच "वहिनीसाहेब ठीक ना?" विचारून तो परत गेला होता.

मी गोठ्याकडे गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, आईचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून. तापाने तिचे ओठ फुटले होते.

"तिथूनच बोला, वन्सं."

मी म्हटलं, "वहिनी, संक्रांत होऊन किती दिवस झाले?"

तिने डोळे मिटले. "मोजलेत होय? मला वाटलंच, तुम्ही मोजाल." मग म्हणाली, "गाडीतच कळलं मला. तारेच्या आत मरायचं नव्हतं. इथून हिचा आवाज तरी येतो. आणि हिच्या अंगाला नको लागायला, म्हणून इकडे बसले. तुमच्या कावळ्याने दोन्ही कामं केली." ती हसायला गेली आणि कळवळली.

मी उंबरा ओलांडला.

"शिवू नका, वन्सं! तुम्हाला मुलगी आहे."

मी तिच्याजवळ बसले आणि हात पुढे केला. डाव्या काखेत होती, लिंबाएवढी. ती विव्हळली. मला वाटलं, माझा हात झटकून टाकेल. पण तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. म्हणाली, "आई गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता."

ती तिसऱ्या दिवशी गेली. तोवर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दादाला मी खोलीत येऊ दिलं नाही. तो दाराबाहेर जमिनीवर बसून असायचा. नंतर त्याने ती खोली लुगड्यासकट, बोचक्यासकट जाळली. छावणीत ती वाचली असती का? वाचणारीही माणसं होती तिथे, मी पाहिली आहेत. हा प्रश्न मला अजून सोडत नाही. पुढे महिन्याभराने गावात उंदीर मरून पडू लागले आणि सगळा गाव शेतांत झोपड्या बांधून राहायला गेला. ते तिच्या बोचक्यामुळे की बाजारातून आलेल्या पोत्यांमुळे, कोणी सांगावं? गावाने तिलाच बोल लावला. पास मी लिहिला होता, हे मी कोणालाच सांगितलं नाही. दादालाही नाही.

वहिनी गेली त्या दिवसापासून मी दहा दिवस शेतातल्या एका खोपटात एकटी राहिले. दादा बांधावर जेवण ठेवून जायचा. मुलगी त्याच्याबरोबर यायची आणि बांधावरूनच माझ्याशी बोलायची.

"आई, तुलाही कावळा शिवला का?"

"हो."

"मग तीन दिवसांनी येशील."

"मला दहा दिवस लागतील."

ती बोटं मोजत उभी राहिली. बराच वेळ मोजत होती. मग म्हणाली, "पण मामीचे तीन दिवस तर कधीच झाले. ती का नाही येत?"

ती एक पाऊल पुढे आली. मी ओरडले, "तिथेच थांब, जवळ येऊ नकोस." माझा आवाज वहिनीसारखाच आला असावा, कारण ती एकदम थांबली आणि मामी, मामी म्हणून रडायला लागली.